गाडी सुटली, शाळा सुटली

शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या कोणत्याही मुलाला 'स्टार्ट' म्हणजे काय, असे विचारा. तो एका दमात सांगेल, 'सुरू होणे किंवा सुरू करणे'. उत्तर बरोबर आहे आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळतील. आता दिवाळीच्या फराळाला सारी मंडळी जमली की त्याच मुलाला आणखी सहा वाक्ये घाला. गाडी पाच वाजता स्टार्ट झाली. पाऊस स्टार्ट झाला. श्रावण स्टार्ट झाला. शेजाऱ्यांचे भांडण स्टार्ट झाले. बाळ बोलायला स्टार्ट झाले. आणि शेवटी, दाराशी फटाका वाजताच आजोबा स्टार्ट झाले!

इंग्रजीत ही सहाही वाक्ये त्या एका क्रियापदाने निर्दोष होतात. मराठीत मात्र गाडी सुटते, पाऊस पडू लागतो, श्रावण लागतो, भांडण जुंपते, बाळाला वाचा फुटते आणि आजोबा दचकतात. सहा वाक्ये झाली, पण मुलाने पाठ केलेला 'सुरू' काही एकदाही उपयोगी पडला नाही. तेव्हा यंदाच्या दिवाळीला आपल्या या सदरात हाच शब्द घेऊ. शब्द लहानसा आहे, पण त्याच्या पोटात बरेच काही आहे.

आधी आजोबांचा उलगडा करू, कारण 'स्टार्ट'चा मूळ अर्थ त्यांच्यापाशीच आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता एकदम उडी मारणे, उसळणे. दचकलेला माणूस जागच्या जागी उडतो, म्हणून दचकणे हा त्याचा सख्खा अर्थ. घाबरवणे या अर्थाचा 'स्टार्टल' त्याच कुळातला. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात कोंबडा आरवताच भूत 'स्टार्ट' करते, ते याच अर्थाने. एखादा भाषांतरकार शब्दकोशातला पहिला अर्थ घेऊन बसला, तर 'कोंबडा आरवला आणि भूत सुरू झाले' असे लिहून मोकळा व्हायचा! पुढे शिकारीच्या भाषेत झुडपात दडलेला ससा उठवणे म्हणजे ससा 'स्टार्ट' करणे झाले. उडी मारणे, उडी मारायला लावणे, मग जागेवरून निघणे, चालते करणे, अशा पायऱ्यांनी तो शब्द आरंभाच्या अर्थापर्यंत पोचला. कालपरवा वर उडालेल्या आणि आज सर्वांवर रुबाब करणाऱ्या माणसाला इंग्रजीत 'अपस्टार्ट' म्हणतात. त्यातही ती उडीच आहे. आपल्याकडचा उपटसुंभ त्याचा जवळचा नातेवाईक शोभेल.

इंग्रजीत आरंभाचा मान 'स्टार्ट'कडे फार उशिरा आला. त्याआधीपासून 'बिगिन' हा घरचा शब्द होता. सन १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्या फ्रेंचमधून 'कमेन्स' हा दरबारी शब्द पुढे इंग्रजीत रुळला. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याच्या गाभ्याचा अर्थ आत जाणे, प्रवेश करणे. म्हणूनच कचेरीच्या कागदांत नोकरी 'कमेन्स' होते, पण आपण भाजी चिरायला घेतो तेव्हा 'कमेन्स' म्हटले तर इंग्रजही हसेल. याहून मौजेचा शब्द आहे 'इनॉगरेट'. प्राचीन रोममध्ये 'ऑगर' नावाचे पुरोहित असत. पक्षी कोणत्या दिशेने उडतात, कसे ओरडतात, हे पाहून ते शकुन सांगत, आणि शकुन अनुकूल निघाला की मग कार्याला हात घालायचा. त्या 'ऑगर'वरून 'इनॉगरेट' झाले. तेव्हा फीत कापायला आलेल्या पाहुण्यांच्या इंग्रजी आमंत्रणपत्रिकेतही शकुन बसलेलाच असतो. मुहूर्त पाहणारे आपणच एकटे, अशी कोणाची समजूत असेल तर ती बाजूला ठेवावी.

आता आपल्या शब्दांकडे वळू. 'आरंभ' हा संस्कृत शब्द 'रभ्' या धातूला 'आ' लागून झाला आहे. त्याचा अर्थ पकडणे, धरणे. म्हणजे मराठीत आपण 'कामाला हात घातला' म्हणतो, तेव्हा नकळत 'आरंभ' या शब्दाचे भाषांतरच करीत असतो. 'उपक्रम' म्हणजे जवळ पाऊल टाकणे. आणि 'सुरू'? तो अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. ज्या धातूपासून तो निघाला, त्याचा एक अर्थ पाण्यात उतरणे असा आहे, आणि 'शरियत' हा शब्दही त्याच धातूचा. एकूण काय, तर इंग्रजाने उडी मारली, रोमनाने आत पाऊल टाकले, संस्कृतने हात घातला आणि अरब पाण्यात उतरला. आरंभ एकच, तऱ्हा चार.

'सुरू' परका आहे हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. पण तो शतकानुशतके आपल्या घरात राहून इतका घरचा झाला आहे की शुद्ध मराठीचा कैवार घेऊन बोलणारे वक्तेही 'मी भाषणाला सुरुवात करतो' असेच म्हणतात. तेव्हा 'स्टार्ट' परका आहे, एवढ्याच कारणाने त्याच्यावर डोळे वटारण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कळायला मराठी माणूस एकेका आरंभाला काय म्हणतो ते जरा बारकाईने पाहायला हवे.

सर्वांत कष्टाळू शब्द 'लागणे'. लागणे म्हणजे चिकटणे, स्पर्श होणे. संस्कृतमधला 'लग्' हा त्याचा पूर्वज, आणि आपले 'लग्न'ही त्याच धातूचे, हे सांगितल्यावर अधिक विवरण नको! भूक लागते, तहान लागते, झोप लागते. महिना लागतो, मुलाला दहावे वर्ष लागते, माणूस नोकरीला लागतो आणि संध्याकाळी दिवे लागतात. त्या वेळेला 'दिवेलागण' असे गोड नावही आपण दिले आहे. या वाक्यांत एक गोष्ट समान आहे. 'मला भूक लागली' म्हणताना 'मी' काहीच करीत नाही. भूक येते आणि मला लागते. जगात पुष्कळ गोष्टी आपल्या हुकमाशिवाय आरंभतात, ही समजूत या क्रियापदात मुरलेली आहे.

त्याच 'लागणे'ला कर्ता मिळाला की 'लावणे' होते. मग आपण पंखा लावतो, रेडिओ लावतो, कुकर लावतो, मुलाला शिकवणी लावतो. 'आम्ही वर्तमानपत्र लावले' म्हणजे रोज घरी टाकायला सांगितले, आणि 'आम्ही वर्तमानपत्र काढले' म्हणजे छापखान्याचे कर्ज डोक्यावर घेतले! लागणे आणि लावणे यांत फरक किती महत्त्वाचा, ते पाहायचे तर पोलिसांच्या पंचनाम्यात पाहावे. 'दुकानाला आग लागली' आणि 'दुकानाला आग लावली'. अक्षर एक बदलले की एकीकडे विम्याची भरपाई आणि दुसरीकडे तुरुंग. 'आग स्टार्ट झाली' आणि 'आग स्टार्ट केली' अशा बोलण्यातही भेद राहतो, नाही असे नाही. पण तो बिचाऱ्या 'झाली-केली'च्या खांद्यावर. मूळ क्रियापद आपले नामानिराळे.

भांडणाचेही असेच. बैल गाडीला जुंपतात, त्यावरून 'भांडण जुंपले'. म्हणजे दोघेही एकाच जुवाखाली आले आणि आता कोणालाच मान सोडवता येत नाही. जुंपले म्हटले की दोष दोघांचा. एकट्याचा असेल तर त्याने 'कुरापत काढली' किंवा 'भांडण उकरून काढले'. भावंडांच्या मारामारीत न्यायनिवाडा करणाऱ्या आईला हे शब्द फार उपयोगाचे. 'कोणी स्टार्ट केले?' या प्रश्नाला 'याने' एवढेच उत्तर मिळते. 'कुरापत कोणी काढली आणि मग जुंपली कशी?' असे विचारले, तर सगळा इतिहास बाहेर येतो.

'फुटणे' हा तिसरा गडी. तांबडे फुटते, पालवी फुटते, घाम फुटतो, हसू फुटते, कंठ फुटतो, आईला पान्हा फुटतो. जे आत साठले होते, दडले होते, ते आवरेनासे होऊन बाहेर आले की मराठी माणूस 'फुटले' म्हणतो. घाम 'सुरू झाला' म्हणून पाहा. नळ सुरू झाल्यासारखे वाटते.

आता शीर्षकातल्या 'सुटणे'कडे येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली, ती पाहायला लोकांनी गर्दी केली होती. अशा अगदी नव्या वाहनासाठी मराठीने नवा शब्द घडवीत न बसता जुनाच वापरला. बाण सुटतो, वारा सुटतो, दाव्याचे जनावर सुटते, तशी गाडी सुटते. बांधलेले मोकळे झाले की सुटले. गाडीच्या बाबतीत मोकळे होणे हा आरंभ. शाळेच्या बाबतीत मोकळे होणे हा शेवट! गाडी सुटली की प्रवास चालू, शाळा सुटली की अभ्यास बंद. परभाषेतून मराठी शिकायला आलेला माणूस इथे डोके धरून बसला तर त्याला दोष देऊ नये.

शाळेपुरते बोलायचे तर तिचे आरंभही एकसारखे नाहीत. सकाळी शाळा 'भरते', उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर 'उघडते', मुलाला शाळेत 'घालतात', आणि गावात नसेल तर कोणी तरी ती 'काढतो'. पहिले तीन आरंभ आपोआप किंवा थोडक्या श्रमाने होतात. चौथ्याला पदरमोड लागते. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले. विहिरीतून पाणी काढावे, तसे हे काढणे. आत कुठे तरी ते आहे, पण दोर धरून ओढणारा हवा. आणि काढून भागत नाही, पुढे 'चालवावे' लागते. म्हणूनच आपल्याकडे 'काढली खरी, पण चालवणार कोण?' हा प्रश्न नव्या कार्याच्या पहिल्याच बैठकीत कोणी तरी विचारतोच. विचारणारा अप्रिय होतो, पण शहाणा असतो.

शुभाशुभाचा विचार तर या शब्दांत पदोपदी आहे. पाटीवर पहिल्यांदा 'श्रीगणेशाय नमः' लिहीत, म्हणून कोणत्याही आरंभाला 'श्रीगणेशा'. त्याही आधी मुलांना 'ॐ नमः सिद्धम्' शिकवीत. पोरांच्या तोंडी त्याचे 'ओनामासीधं' झाले आणि त्यातून 'ओनामा' उरला. दुकानदाराची सकाळची पहिली विक्री म्हणजे 'भवानी', आणि भवानीच्या वेळी उधारी मागणारे गिऱ्हाईक त्याला नको असते. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब रोवतात ती 'मुहूर्तमेढ'. आता ती पुलापासून पतपेढीपर्यंत सगळ्यांची रोवली जाते. नाटकाची नांदी, इमारतीची पायाभरणी, शास्त्रग्रंथाचा 'अथ', प्रत्येकाचा दरवाजा वेगळा.

नारळाची कथा तर विचारूच नका. निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ फोडला म्हणजे आरंभ, आणि कारकुनाला नारळ दिला म्हणजे नोकरीचा शेवट. काही घरांत 'फोडणे' अशुभ वाटते म्हणून नारळ 'वाढवतात'. पण रात्री दुकानदार दुकान 'वाढवतो' तेव्हा ते बंद करतो. शेवटाला शेवट म्हणायचे नाही, ही आपली जुनी रीत. म्हणून तर निघालेला पाहुणा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो.

प्रवासाच्या आरंभाचा सर्वांत गमतीचा प्रकार म्हणजे 'प्रस्थान ठेवणे'. मुहूर्त आज आणि निघणे परवा, असे झाले की पूर्वी लोक आपली एखादी वस्तू, कपड्याची घडी वा लहानशी पिशवी, मुहूर्तावर शेजारच्या घरी नेऊन ठेवीत. शास्त्राप्रमाणे प्रवासाला आरंभ झाला; मग सवडीने ती वस्तू उचलून खरोखरीचे निघायचे. याला लबाडी म्हणण्याचे कारण नाही. आषाढी वारीकडे पाहा. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांच्या पालखीचे देहूहून आणि अष्टमीला ज्ञानोबांच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते, पण पहिला मुक्काम त्याच गावात असतो. मन निघाले की माणूस निघाला. पाय दुसऱ्या दिवशी उचलले तरी चालतात. ही कल्पना 'स्टार्ट'मध्ये बसवायची कशी?

मग 'स्टार्ट'ला मराठीत काहीच जागा नाही का? आहे, आणि ती त्याने स्वतःच्या गुणांवर मिळवली आहे. तो मोटारीबरोबर आला. पूर्वी मोटारीच्या तोंडाशी हँडल घालून ते जोराने फिरवावे लागे, आणि हँडलने उलट झटका दिला तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन तंत्रज्ञाने तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींना बसला आणि हा त्रास संपला. आपल्याकडे त्याचे 'सेल्फ मारणे' झाले. इंजिन धक्क्यासरशी उसळून जागे होते, म्हणजे इथे 'स्टार्ट'चा मूळचा उडीचा अर्थही जुळतो. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर शेतकऱ्याने केव्हाच आपला केला. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' ही योजना जाहीर केली, आणि तरुणांच्या नव्या धंद्यांना आता घरोघरी 'स्टार्टअप' म्हणतात. नवी वस्तू नवे नाव घेऊन आली तर तिला दारात उभे करू नये. 'सुरू'लाही आपण एके काळी पाट दिलाच होता.

पण पाहुण्याला पाट देणे वेगळे आणि त्याच्यासाठी घरच्यांना बाहेर काढणे वेगळे. हल्ली शहरातल्या घरांत क्लास स्टार्ट होतो, पिक्चर स्टार्ट होतो, डोके दुखायला स्टार्ट होते आणि पाऊसही स्टार्ट होतो. याने अडत काही नाही, हे खरे. अडते ते पुढे. 'दिवेलागणीला घरी ये' असे आजी सांगते आणि नातवाला ती वेळ कोणती हे कळत नाही. 'वारा सुटलाय, वाळवण आत घे' यातली घाई त्याच्यापर्यंत पोचत नाही. लागणे, सुटणे, फुटणे, जुंपणे ही नुसती क्रियापदे नव्हेत. कोणती गोष्ट आपोआप होते, कोणती आपण करतो, कोणती कोंडलेली असते आणि कोणती बांधलेली, हे पाहण्याची नजर त्यांत आहे. पिढ्यान्‌पिढ्यांनी जगाकडे पाहून ही वर्गवारी केली. मुलाच्या बोलण्यातून शब्द गेला की ती नजरही जाते, आणि आजी व नातू एकाच घरात राहून निराळा पाऊस पाहू लागतात.

यावर उपाय मुलांना रागे भरण्याचा नाही. 'मराठीत बोल' असा दम दिला की मूल बोलायचेच थांबते. त्यापेक्षा हा खेळ खेळावा. मुलाने 'स्टार्ट झाले' म्हटले की घरातल्या प्रत्येकाने त्या जागी एकेक शब्द सांगायचा, आणि सर्वांत चपखल शब्द सांगणाऱ्याला एक चकली जास्त. वडीलधाऱ्यांनाही विचार करावा लागेल, असा आमचा अंदाज आहे.

शेवटी एका कोशाची आठवण. १८४७ साली मुंबईत मोठा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभ मोल्सवर्थ यांनी केला आणि तो पुरा केला कँडी यांनी, हे त्याच्या मुखपृष्ठावरच नमूद आहे. आरंभ करणारा एक, पुरा करणारा दुसरा, आणि दोघांचीही नावे एकत्र. आपल्याकडे 'आरंभशूर' हा शब्द आहे. पहिल्या दिवशी पराक्रम गाजवून दुसऱ्या दिवशी दिसेनासा होणाऱ्या वीराला तो लावतात, आणि इंग्रजीत त्याला एका शब्दाचा तितका नेमका जोड सापडणे कठीण. भर्तृहरीनेही आरंभावरूनच माणसांच्या तीन पायऱ्या लावल्या: विघ्नाच्या भीतीने आरंभच न करणारे, आरंभ करून विघ्न येताच थांबणारे, आणि कितीही विघ्ने आली तरी हाती घेतलेले न सोडणारे.

दिवाळीचा पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा मुहूर्त. या दिवशी नव्या वह्यांची पूजा होते, नवे बेत ठरतात, नवे संकल्प सुटतात. हो, संकल्पही सुटतोच; हातावरच्या पाण्याबरोबर! 'सुरू'च्या मुळाशी पाण्यात उतरणे आहे, हे वर आलेच आहे. आणि काम पुरे करण्याला मराठीत काय म्हणतात? 'तडीस नेणे'. तड म्हणजे काठ. पाण्यात उतरणाऱ्याने काठ गाठायचा, एवढेच. आमच्या सर्व वाचकांचे या पाडव्याला धरलेले बेत तडीस जावोत.